उसासाठी ज्वारीचे दोन एकर द्यावेत का?

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा:

‘आमची सात एकर जमीन आहे. सासूबाईंच्या काळात शेतात ज्वारी, तूर, मूग, उडीद, अंबाडी, करडई असे सगळेच असे. विहीर खोल करून ठिबक बसवल्यापासून पाच एकरांत खरिपाला निव्वळ सोयाबीन असते आणि दोन एकर रब्बीच्या ज्वारीला व थोड्या हरभऱ्याला राखलेले आहेत. उत्पन्न वाढले, घर पक्के झाले, मोटारसायकल आली. म्हशीचे दूध दोन्ही वेळा डेअरीला जाते. तरीही माझी अडीच वर्षांची मुलगी साडेनऊ किलोची आहे. अंगणवाडीच्या ताई तिचे वजन कमी असल्याचे सांगतात. माझे हिमोग्लोबिन ८.४ भरले. सासूबाई म्हणतात, पूर्वी असे नव्हते, हा रासायनिक खताचा परिणाम आहे. यजमान म्हणतात, पैसा असला की बाजारात सगळे मिळते. आता त्या दोन एकरांत येत्या ऑक्टोबरमध्ये ऊस लावायचा त्यांचा विचार पक्का होत आला आहे. मी विरोध करावा का, आणि केला तर कोणत्या आधारावर करावा?’

प्रिय ताई,

शेताच्या आधी तुमच्या आणि मुलीच्या तब्येतीविषयी लिहितो, कारण पिकांमध्ये केलेला बदल ताटात दिसायला एखादे वर्ष जाते आणि ८.४ हिमोग्लोबिन असलेल्या बाईने तितके थांबणे बरोबर नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून अधिक असावे असा मापदंड आहे आणि ८ च्या खाली गेले की रक्तक्षय तीव्र समजला जातो. तुम्ही त्या रेषेपासून फार दूर नाही. एवढी तूट पालेभाजी, गूळ आणि खजूर यांनी भरून निघत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना दाखवा, त्यांनी दिलेल्या लोहाच्या व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या आणि पोट मळमळते किंवा शौचाला काळे होते म्हणून त्या मध्येच सोडू नका. जंताची गोळी लागेल का, पाळीत अंगावरून फार जाते का आणि घरात मांसाहार नसेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासावे का, हे तिन्ही प्रश्न त्याच भेटीत विचारून घ्या. गोळी किंवा जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा टाळा, कारण चहामुळे लोह शोषले जाण्यात अडथळा येतो. उलट जेवणावर लिंबू पिळले तर फायदा होतो.

मुलीच्या वयाला वजन साधारण साडेबारा किलोच्या आसपास अपेक्षित असते, त्यामुळे अंगणवाडीच्या ताईंचे म्हणणे खरे आहे. त्यांच्याकडून तिची उंची आणि दंडाचा घेर मोजून घ्या. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तो तीव्र कुपोषणाचा इशारा असतो आणि मग घरगुती उपाय करत बसण्याऐवजी तिला लगेच आरोग्य केंद्रात न्यायला हवे, तेथून गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवले जाते. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर अंगणवाडीची देखरेख आणि घरचा आहार या दोहोंनी ती सावरू शकते. सतत जुलाब किंवा ताप असेल तर त्यावरही उपचार हवेत, नाहीतर खाऊ घातलेले अंगी लागत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तुमच्या घरात जे घडले आहे ते मराठवाड्यातील आणि विदर्भातील असंख्य घरांत घडले आहे, त्यामुळे यजमानांनी काही अविचार केला असे मला वाटत नाही. महाराष्ट्रात १९८०च्या दशकात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत आले आहे आणि सोयाबीन चाळीस लाख हेक्टरांच्या पुढे गेले आहे. शेतकऱ्याने खरिपाची ज्वारी सोडली त्याला सबळ कारणे होती. कणसे भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडे आणि तो कोणी विचारत नसे, पाखरांची राखण करायला माणूस मिळेना, काढणी-मोडणीला मजूर मिळेना, आणि रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात व आता २०२३ पासून मोफत मिळू लागल्यावर ज्वारीला भाव तरी कोण देणार? सोयाबीन मात्र शंभर-सव्वाशे दिवसांत निघते, यंत्राने मळता येते आणि आडतीवर नेले की त्याच दिवशी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात पडते. दिवाळीच्या तोंडावर येणारा हा पैसा कोणत्याही कर्त्या माणसाला मोह पाडणारच.

सासूबाईंचे म्हणणेही मी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. पूर्वी सगळे आलबेल होते हे खरे नाही. १९७२च्या दुष्काळात याच भागातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर दिवस काढत होती. त्या काळी मुले दगावण्याचे प्रमाणही आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. सिंचन आले, उत्पन्न वाढले, त्यामुळे उपासमार मागे हटली. रासायनिक खतामुळे दाण्यातील सत्त्व निघून जाते आणि त्याने रक्त कमी होते, या समजुतीला मी आधार मानत नाही. तुमच्या घरातील नुकसान खतापेक्षा दुसऱ्याच वाटेने झाले आहे.

अनेकजण ज्वारीचा गौरव करताना सांगतात की ती लोहाने समृद्ध आहे आणि गव्हाने तिची जागा घेतल्यामुळे रक्त कमी झाले. हे अर्धवट आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण चार मिलिग्रॅम लोह असते आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हातही जवळजवळ तेवढेच असते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र ते एक मिलिग्रॅमही नसते. म्हणजे भाकरीची चपाती झाल्याने लोहाचे फार मोठे नुकसान झाले नाही, भात वाढल्याने थोडे झाले. खरे नुकसान ज्वारीसोबत शेतात जे काही होते ते गेल्यामुळे झाले आहे. तुमच्या सासूबाईंच्या शेतात ज्वारीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचे तास असे, मधूनमधून मूग-उडीद असे, अंबाडी टोकलेली असे, रब्बीत कडेने करडईचे काटेरी पट्टे असत. त्यातून वर्षाची डाळ निघे, अंबाडीची आणि कोवळ्या करडईची भाजी निघे, करडई व जवसाचे तेल घाण्यावरून येई आणि तीळ-कारळ्याची चटणी होई. शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे त्या बायकांना ठाऊक नव्हते, पण चटणी रोज होत होती. सोयाबीन आले तेव्हा ज्वारीबरोबर हा सगळा गोतावळाच शेतातून उठला.

त्यातही रानभाज्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आषाढ-श्रावणात खुरपायला गेलेली बाई घरी येताना ओच्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, तरोटा असे काहीतरी घेऊन येत असे. शेतीच्या भाषेत ते तण होते आणि स्वयंपाकघरात ती फुकटची पालेभाजी होती. सोयाबीन उगवल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तणनाशक मारले जाते आणि खुरपणीचे श्रम वाचतात, हा बाईला मिळालेला खरा दिलासा आहे. मी त्याला कमी लेखत नाही. पण त्याच फवाऱ्याने पावसाळ्याच्या दोन महिन्यांची भाजी जाते आणि तिची नोंद कोणत्याही सरकारी आकडेवारीत होत नाही, कारण ती कधी पेरली गेली नव्हती आणि विकलीही गेली नव्हती. (फवारलेल्या शेतातील किंवा बांधावरची भाजी खुडून आणू नका, हे येथेच सांगून ठेवतो.)

नुकसानीची दुसरी वाट धान्याच्या कणगीची आहे. तूर, मूग, ज्वारी हे घरात येणारे धान्य होते. ते कणगीत, बळदात किंवा उतरंडीच्या मडक्यांत बाईच्या हाताखाली राही, किती शिजवायचे आणि नणंदेला किती द्यायचे हे ती ठरवी. प्रसंगी पायलीभर मूग विकून मीठ-मिरची आणि पोराचे औषधही ती भागवी. सोयाबीन घरात येतच नाही. ते खळ्यावरून टेम्पोत आणि टेम्पोतून आडतीवर जाते, त्याच्या पट्टीचे पैसे यजमानांच्या खात्यावर किंवा खिशात येतात, त्यातून आधी कृषी सेवा केंद्राची उधारी, बँकेचा हप्ता, एखादे लग्न असे मोठे खर्च वजा होतात आणि मग जे राहते त्यातून किराणा येतो. यजमान वाईट आहेत म्हणून असे होत नाही. वर्षातून एकदा हाती येणारी मोठी रक्कम मोठ्या खर्चांकडेच वळते आणि पावशेर डाळ हा कधीच मोठा खर्च वाटत नाही. बाजारात सगळे मिळते हे त्यांचे म्हणणे खरे आहे, परंतु बाजारातून काय आणले जाते हे पाहिले पाहिजे. तुमच्या गावच्या दुकानात तेल, साखर, चहापत्ती, बिस्किटांचे पुडे आणि कुरकुरे रोज मिळतात. ताजी पालेभाजी आठवडी बाजाराला, तीही दोन दिवस टिकेल एवढीच. तूरडाळ २०२३-२४ मध्ये किलोला दीडशे रुपयांच्या वर गेली तेव्हा किती घरांत वरण पातळ झाले, ते तुम्हीच मला सांगू शकाल.

हे केवळ तुमच्या तालुक्याचे दुखणे नाही. हरित क्रांतीत गहू आणि तांदळाला बियाणे, पाणी, हमीभावाने खरेदी असे सर्व पाठबळ मिळाले, कडधान्ये कोरडवाहू जमिनीकडे ढकलली गेली, आणि देशात माणशी रोज उपलब्ध असणारी डाळ १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती ती २००१ मध्ये ३० ग्रॅमवर आली. पुढे ती काहीशी सावरली, पण १९६१ची पातळी अजून गाठली गेलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६ टक्के होते आणि २०१९-२१ मध्येही ते ३६ टक्क्यांच्याच आसपास राहिले. त्याच अवधीत सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील रक्तक्षयी मुलांचे प्रमाण ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. त्या काळात राज्यातील शेती थांबलेली नव्हती.

यजमानांना ऊस हवा आहे म्हणून एक दूरचा दाखला देतो. १९८०च्या दशकात नैऋत्य केनियातील दक्षिण न्यांझा भागात, कारखान्याला ऊस घालू लागलेल्या कुटुंबांचा आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेने अभ्यास केला होता. उसामुळे त्या घरांचे उत्पन्न वाढले, मात्र लहान मुलांची आजारपणे त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. कारण मूल आजारी पडते ते पाण्यामुळे, अस्वच्छतेमुळे आणि आईला वेळ नसल्यामुळेही, आणि यांपैकी कशावरही कारखान्याच्या पैशाचा आपोआप परिणाम होत नाही.

आणि ज्वारी म्हणजे सर्व रोगांवर औषध, असेही कोणी सांगितले तर त्यांना तेलंगणातील नलगोंड्याची हकीकत ऐकवा. नागार्जुनसागर धरणाचे पाणी आल्यानंतर त्या जिल्ह्यात तरुण मुलांचे गुडघे एकमेकांकडे वळून पाय वाकडे होऊ लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७०च्या दशकात त्याचा छडा लावला. पाझरामुळे भूजल वर आले होते, जमिनीचा अल्कधर्मीपणा वाढला होता आणि अशा जमिनीतील ज्वारी मॉलिब्डेनम हे खनिज अधिक शोषून घेत होती. त्यामुळे शरीरातील तांबे अधिक प्रमाणात बाहेर पडे आणि पाण्यात आधीपासून असलेल्या फ्लोराइडचा हाडांवरील मारा अधिक घातक ठरे. धरण बांधणाऱ्या कोणाच्याही मनात हे आले असण्याची शक्यता नाही. पाण्याने एवढा उलटफेर होऊ शकतो म्हणून तुम्हीही विहिरीच्या व बोअरच्या पिण्याच्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. ग्रामपंचायतीमार्फत ती होते.

आता उसाकडे पाहू. सोयाबीनमध्ये अनेक दोष असले तरी ते खरिपात संपते आणि रान मोकळे करून देते. त्यामुळे मागून हरभरा पेरता येतो, हरभऱ्याची कोवळी भाजी, डहाळे, हुळा आणि शेवटी डाळ असे चार महिने घरात काहीतरी येत राहते. ऊस हे करू देत नाही. ऑक्टोबरमध्ये लावलेला पूर्वहंगामी ऊस साधारण चौदा-पंधरा महिने रानात उभा राहतो, त्यानंतर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) राहतो, म्हणजे ते दोन एकर तीन वर्षे तरी तुमच्या स्वयंपाकघराच्या हातून गेले. शिवाय उन्हाळ्यात विहिरीचे पाणी त्याच्याकडेच जाणार, कारण वाळणारा ऊस डोळ्यांदेखत कोणालाही बघवत नाही. मग हरभऱ्याला, भाजीला आणि कधी कधी म्हशीलाही पाणी कमी पडते. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे तुमच्या यजमानांना मी वेगळे सांगायला नको. ज्वारीबरोबर कडबाही जातो आणि म्हशीचा चारा विकत घ्यावा लागतो, ही बाब दुधाचा हिशेब करताना सहसा धरली जात नाही.

म्हणून तुम्ही विरोध जरूर करा, पण ‘जुने ते चांगले’ या आधारावर करू नका. त्यात तुम्ही हराल. आकडे घेऊन बसा. तुम्ही घरात सहा माणसे आहात असे धरतो, चार मोठी आणि दोन लहान. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनानुसार दोन हजार उष्मांकांच्या आहारात दिवसाला ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य असावे. त्या हिशेबाने तुमच्या घराला वर्षाला साधारण दीड क्विंटल डाळी लागतात. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो प्रमाणे गहू-तांदूळ मिळत असतील तर उरलेल्या भाकरीसाठी दोन ते अडीच क्विंटल ज्वारी पुरते. रब्बीची ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल आली तरी अर्ध्या-पाऊण एकरात तुमचे काम भागते. म्हणजे घराच्या पोटासाठी सातपैकी फार तर एक एकर राखून ठेवायचा आहे, एवढीच तुमची मागणी आहे, आणि ती कोणालाही अवाजवी वाटू नये.

डाळीसाठी तर वेगळी जमीनही नको. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी ही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आहे आणि ती यजमानांना ठाऊक असणार. सोयाबीन निघून गेल्यावर तूर एकटी फोफावते, सोयाबीनचा भाव पडला किंवा काढणीला पाऊस लागला तरी हाती काहीतरी लागते, म्हणून ही केवळ तुमच्या स्वयंपाकघराची बाजू राहत नाही. पैशांचाही हिशेब त्यांना करून दाखवा: २०२४-२५ मध्ये तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता आणि शंभर किलो तुरीपासून सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ होते, म्हणजे घरची डाळ भरडाई धरूनही किलोला एकशे पाच-दहा रुपयांना पडते. तीच डाळ दुकानातून दीडशेने आणायची असेल तर आधी तूर विकून काय मिळवले? हरभऱ्यात करडईची काही तासे टाकली तर कोवळी भाजी आणि तेल दोन्ही मिळतील; करडई काटेरी असल्यामुळे मोकाट जनावरेही थोडी दूर राहतात. ज्वारीचे बियाणे घेताना विद्यापीठाच्या ‘परभणी शक्ती’ या वाणाची चौकशी करा. लोह आणि जस्त अधिक असलेला हा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला आहे. तुमच्या हंगामाला आणि रानाला तो चालेल का हे कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच ठरवा.

भाजीसाठी विहिरीजवळ दोन गुंठे पुरेत. ठिबकची एक नळी तिकडे वळवली की मेथी, पालक, तांदुळजा, शेवगा, दोडका, वाल, टोमॅटो आळीपाळीने होतात. शेवग्याची दोन झाडे तर बांधावरच लावा, त्याचा पाला सुकवून ठेवता येतो आणि भाकरीच्या पिठात मिसळता येतो. लिंबाचे झाड नसेल तर तेही लावा.

दुधाबाबत मात्र तुम्ही कोणाची परवानगी मागू नये असे मला वाटते. कॅनमध्ये माप घालण्याआधी मुलीचे दोन पेले दूध बाजूला काढा, डेअरीच्या पट्टीत महिन्याला जो फरक पडेल तो पडू द्या. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा अधिक दूध मात्र तिला देऊ नका, कारण मग पोट भरते, जेवण सुटते आणि दुधात लोह नगण्य असल्यामुळे रक्त आणखी कमी होते. चहा-बिस्किटे हा या वयाच्या मुलांचा आहार झाला आहे, तो बंद करा. तिला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी हवे: घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तेल किंवा तूप, भिजवून शिजवलेले मूग, शेंगदाण्याचा लाडू, केळे. अंडे चालत असेल तर रोज एक द्या. एक गंमत पाहा, तुमच्या सोयाबीनचे तेल निघते ते जेमतेम अठरा-वीस टक्के, आणि प्रथिनांनी भरलेली बाकीची पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते; पाच एकर सोयाबीन पिकवणाऱ्या घरातील मुलीच्या वाट्याला त्या कोंबडीचे अंडेही येत नाही. परसात चार गावरान कोंबड्या ठेवणे सासूबाईंना जमेल का, पाहा.

घरचे सोयाबीनही वापरता येते, फक्त कच्चे दळू नका, त्यातील पचनाला अडथळा करणारे घटक उष्णतेनेच जातात. दाणे निवडून उकळत्या पाण्यात पंचवीस-तीस मिनिटे शिजवा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि नऊ किलो गव्हात किंवा ज्वारीत एक किलो या प्रमाणात दळून आणा. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे उरले असेल तर ते चुकूनही यासाठी वापरू नये, जनावरांनाही घालू नये.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, तरी विचारतो. सोयाबीनची काढणी लागते त्या पंधरा-वीस दिवसांत तुम्ही पहाटे किती वाजता उठता आणि मुलीला दुपारी कोण भरवते? शेती वाढली की पुरुषाचे काम बऱ्याचदा यंत्राकडे जाते आणि बाईच्या कामात एक हंगाम वाढतो. विहीर खोल झाल्यावर रब्बीची खुरपणी कोणाच्या वाट्याला आली असेल याचा मी अंदाज करू शकतो. ८.४ हिमोग्लोबिन घेऊन दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी मुलीजवळ बसून शांतपणे भरवण्याचे त्राण राहत नाही. तुमच्या गोळ्या चालू असेपर्यंत सुगीतील एक-दोन रोजंदाऱ्या बाहेरून लावाव्या लागल्या तर तो खर्च शेतीच्या खर्चात धरा. दुपारी मुलीला भरवण्याची जबाबदारी सासूबाईंकडे सोपवा, पण वेळ आणि पदार्थ ठरवून द्या. पूर्वीच्या जेवणाविषयी त्या एवढे सांगतात तर अंबाडी, तिळकूट आणि कारळ्याची चटणी त्यांच्याच हातून घरात परत येऊ द्या. अशाने तुम्हा दोघींची बाजूही एक होईल.

यजमानांशी बोलताना उसाला सरळ नकार देण्यापेक्षा असे सुचवून पाहा: दोन एकरांऐवजी एका एकरात ऊस, तोही विहिरीचे पाणी मार्च-एप्रिलमध्ये किती राहते हे मागच्या दोन वर्षांचे आठवून, दुसऱ्या एकरात ज्वारी आणि हरभरा, खरिपात सोयाबीनमध्ये तुरीची तासे, आणि घरी ठेवायच्या धान्याचा आकडा खळ्यावरच मोजून वेगळा, आडतीची गाडी भरण्याआधी. सोयाबीनच्या पट्टीतून किराण्यासाठी ठरावीक रक्कम दर महिन्याला तुमच्या खात्यावर यावी, हेही त्याच बैठकीत मागा; बचत गटाचे खाते असेल तर तेही चालेल. तुरीचा निर्णय जूनच्या पेरणीआधी व्हायला हवा आणि ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते, त्यामुळे कारखान्याच्या शेतकी कार्यालयात उसाची नोंद देण्याआधी हे बोलणे उरकून घ्या आणि नोंदीत क्षेत्र एक एकरच लिहिले आहे ना, ते स्वतः वाचून पाहा.